साठ सेकंद हवेत : एका ट्राउटचे शेवटचे सात तास

गळाला लागलेला मासा पाण्यात परत सोडला आणि तो शेपटी मारून खोल पाण्यात गेला, की सोडणाऱ्याच्या दृष्टीने गोष्ट संपते. माशाच्या शरीरात ती तेव्हा कुठे सुरू झालेली असते. त्याच्या रक्तात त्या घडीला जे चाललेलं असतं, त्याचा निकाल काही तासांनी लागतो. तो निकाल बघायला काठावर कोणी थांबलेलं नसतं. म्हणून हे तास एकामागून एक मांडायला हवेत.

यातला मासा आहे रेनबो ट्राउट. जागा कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतातली एक नदी, ऋतू उन्हाळ्याचा. घड्याळातल्या वेळा मांडणीसाठी मी लावल्या आहेत आणि हा मासा अनेक माशांचा मिळून बनलेला आहे. कशामागून काय घडतं आणि साधारण किती वेळाने घडतं, हे मात्र शास्त्रज्ञांनी ट्राउटच्या रक्तवाहिनीत बारीक नळी बसवून, थेंबाथेंबाने रक्त तपासून मोजलेलं आहे.

पार्श्वभूमी

१९३६, माँट्रिऑल. मॅकगिल विद्यापीठातले हान्स सेली 'नेचर' साप्ताहिकात एक छोटं टिपण छापतात. थंडी, जखम, विष, अतिश्रम असा कुठलाही मारा झाला तरी उंदरांचं शरीर एकाच साच्यातला प्रतिसाद देतं, असं त्यात म्हटलेलं आहे. या प्रतिसादात अधिवृक्क ग्रंथी फुगते. आज ज्याला आपण सर्रास 'स्ट्रेस' म्हणतो, त्याच्या अभ्यासाची ही सुरुवात.

१९५८, ब्रिटिश कोलंबिया. एडगर ब्लॅक माशांबद्दल एक अस्वस्थ करणारा मुद्दा मांडतात. बाहेरून जखम नसली, पाणी स्वच्छ असलं, तरी निव्वळ जिवाच्या आकांताने केलेली धडपडच माशाला मारू शकते.

१९८३, हॅमिल्टन. मॅकमास्टर विद्यापीठात ख्रिस वुड आणि त्यांचे सहकारी रेनबो ट्राउटला सहा मिनिटं दमवतात आणि मग शांत पाण्यात ठेवून देतात. गळ नाही, जाळं नाही. तरीही सुमारे ४० टक्के मासे मरतात. बहुतेक मृत्यू दमणूक संपल्यावर चार ते आठ तासांनी होतात.

आपल्या माशाची वेळ याच चौकटीत बसते.

पहाटे ५:५५. सात तास बाकी

मासा प्रवाहाकडे तोंड करून एका खडकाच्या आडोशाला स्थिर आहे. कल्ले संथ उघडमीट करताहेत.

माणसाच्या मूत्रपिंडावर टोपीसारखी बसलेली अधिवृक्क ग्रंथी माशाला नसते. त्याचं मूत्रपिंड पाठीच्या कण्याखाली लांबट पट्टीसारखं पसरलेलं असतं आणि त्याचं पुढचं टोक डोक्यामागे येऊन भिडतं. या टोकाकडे लघवी गाळण्याचं काम उरलेलं नसतं. तिथे रक्तपेशी तयार होतात. त्याच भागात, शरीराच्या मागच्या बाजूकडून हृदयाकडे रक्त नेणाऱ्या मोठ्या शिरेच्या भिंतीत आणि तिच्या अवतीभवती, दोन जातींच्या पेशी एकमेकींत मिसळून राहतात. क्रोमॅफिन पेशी अॅड्रिनलिन आणि नॉरअॅड्रिनलिन बनवतात. इंटररीनल पेशी कॉर्टिसॉल बनवतात.

सस्तन प्राण्यांत या दोन जातींची वाटणी आखीव असते. गाभ्यात एक, सालीत दुसरी. माशांत त्या खांद्याला खांदा लावून असतात. त्यामुळे एकीला आलेला निरोप दुसरीच्या कानावर सहज पडतो. पिट्यूटरी ग्रंथीचं एसीटीएच हे संप्रेरक मुख्यतः इंटररीनल पेशींसाठी निघतं, पण ट्राउटमध्ये ते क्रोमॅफिन पेशींनाही अॅड्रिनलिन सोडायला लावतं, असं प्रयोगांत दिसलं आहे. सेरोटोनिननेही हेच घडतं. ही ऊती दोन वेगळ्या घंटा असलेली खोली नाही. इथे एक घंटा वाजली की दुसरीही थरथरते.

आत्ता मात्र सगळं शांत आहे. एक मिलिलीटर रक्तद्रवात कॉर्टिसॉल साधारण १० नॅनोग्रॅमच्या आत आहे. अॅड्रिनलिन जेमतेम सापडेल इतकं. क्रोमॅफिन पेशींच्या पोटातल्या बारीक पिशव्या मात्र काठोकाठ भरलेल्या आहेत.

सकाळी ६:००. गळ लागतो

आमिष गिळताना काटा जबड्याच्या कडेला रुततो. ट्राउटच्या तोंडाभोवती इजा ओळखणारे चेतातंतू असतात. एडिंबराजवळच्या रॉस्लिन संस्थेत लिन स्नेडन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली ते दाखवून दिले. तिथून संकेत मेंदूकडे जातो. दोरी ताणली जाते. मासा उसळी घेतो.

सकाळी ६:०० आणि काही सेकंद. पहिला निरोप

पाठीच्या कण्यातून निघालेले चेतातंतू थेट त्या शिरेजवळच्या क्रोमॅफिन पेशींपर्यंत पोचलेले आहेत. त्यांच्या टोकातून अॅसिटिलकोलीन सुटतं. ते पेशीवरच्या ग्राहींना चिकटतं, पेशीची दारं उघडतात, कॅल्शियम आत घुसतं आणि भरून ठेवलेल्या पिशव्या पेशीच्या भिंतीला लागून आपलं अॅड्रिनलिन शिरेत रिकामं करतात.

जागा किती नेमकी आहे पाहा. ही शीर हृदयाकडे जाते. हृदयातून निघालेलं माशाचं रक्त सगळ्यात आधी कल्ल्यांत जातं. म्हणजे अॅड्रिनलिन सुटल्यावर त्याची पहिली गाठ हृदयाशी आणि दुसरी कल्ल्यांशी. जिथे त्याची सर्वाधिक गरज आहे त्याच दोन ठिकाणी ते सर्वात आधी पोचतं.

सकाळी ६:०१. रक्त बदलतं

हृदयाचा ठोका जोर धरतो. प्लीहा आकसते आणि राखून ठेवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. कल्ल्यांतल्या एरवी अर्धवट वापरात असलेल्या पातळ पाकळ्यांतूनही आता रक्त वाहू लागतं. प्राणवायू घ्यायला जास्त पृष्ठभाग मिळतो.

पण याची किंमत लगेच द्यावी लागते. ट्राउट गोड्या पाण्यात राहतो. त्याचं रक्त बाहेरच्या पाण्यापेक्षा खारट असतं. प्राणवायूसाठी जी पाकळी खुली झाली, तिच्यातूनच पाणी आत झिरपतं आणि क्षार बाहेर जातात. अधिक श्वास म्हणजे अधिक क्षारांची गळती. हे त्रैराशिक माशाला टाळता येत नाही.

तांबड्या पेशींतही एक विलक्षण गोष्ट घडते. ट्राउटचं हिमोग्लोबिन आम्लतेला फार नाजूक असतं. रक्त आंबट झालं की ते प्राणवायू धरायलाच नकार देतं. अॅड्रिनलिन तांबड्या पेशीच्या भिंतीवरचा एक पंप सुरू करतं. तो हायड्रोजन आयन बाहेर फेकतो आणि त्यांच्या बदल्यात सोडियम आत घेतो. पेशी थोडी फुगते, पण तिचा आतला भाग आम्लतेपासून वाचतो आणि हिमोग्लोबिन काम करत राहतं. फिनलंडचे मिक्को निकिनमा यांच्यासारख्या संशोधकांनी १९८०च्या दशकात ही यंत्रणा उलगडली. बाहेर रक्त आंबत असताना प्रत्येक तांबडी पेशी स्वतःपुरतं एक कोरडं घर राखते, आणि ते घर अॅड्रिनलिनच्या आज्ञेवर उभं असतं.

सकाळी ६:०३. दुसरा निरोप

पहिला निरोप चेतातंतूंचा होता. दुसरा रासायनिक टपालाचा आहे, म्हणून तो सावकाश येतो. मेंदूच्या तळाशी, दृष्टिचेतांजवळच्या पेशीसमूहातून सीआरएच नावाचं संप्रेरक सुटतं. आपल्या शरीरात ते बारीक रक्तवाहिन्यांतून पिट्यूटरीकडे जातं. हाडांच्या माशांत तो रक्तमार्ग नाही, चेतातंतूच थेट पिट्यूटरीत शिरलेले आहेत. पिट्यूटरी एसीटीएच रक्तात सोडते. ते डोक्याशी असलेल्या मूत्रपिंडात पोचतं आणि इंटररीनल पेशीवरच्या आपल्या खास ग्राहीला भेटतं. या ग्राहीला पेशीच्या पृष्ठभागावर येऊन काम करायला एक साहाय्यक प्रथिन सोबत लागतं. दोघं जागेवर असतील तरच निरोप आत जातो.

मग पेशीत सायक्लिक एएमपी हे निरोप पुढे नेणारं रसायन वाढतं. एक वाहक प्रथिन कोलेस्टेरॉलला मायटोकाँड्रियाच्या आतल्या पडद्यापर्यंत नेतं, तिथे विकरं त्याची काटछाट करतात आणि टप्प्याटप्प्याने कॉर्टिसॉल तयार होतं.

अॅड्रिनलिन म्हणजे डब्यात भरून ठेवलेले लाडू. पाहुणा आला की डबा उघडायचा. कॉर्टिसॉल म्हणजे मागणी आल्यावर चूल पेटवून केलेला स्वयंपाक. त्याचा साठा नसतो. म्हणून अॅड्रिनलिन सेकंदांत वर जातं आणि कॉर्टिसॉलला मिनिटं लागतात. उतरतानाही त्यांचा वेग असाच वेगळा असतो. माशाच्या रक्तातल्या अॅड्रिनलिनची मात्रा निम्म्यावर यायला दहा मिनिटंही लागत नाहीत. कॉर्टिसॉल तासन् तास रेंगाळतं. पुढचा सगळा अनर्थ या दोन वेगांमधल्या फरकात दडलेला आहे.

सकाळी ६:०६. स्नायू रिकामे

वुड यांच्या माशांना इथे थांबवलं होतं. आपला मासा अजून दोरीवर आहे.

ट्राउटच्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पांढऱ्या स्नायूंचा असतो. हे स्नायू झेप घेण्यासाठी, शत्रूपासून सुटण्यासाठी असतात. त्यांना रक्तपुरवठा तुटपुंजा, त्यामुळे प्राणवायूची वाट न पाहता ते आतल्या साठ्यावर चालतात. आधी फॉस्फोक्रिएटिन संपतं, मग ग्लायकोजन. मागे लॅक्टेट आणि आम्ल उरतं. निसर्गात अशी धाव काही सेकंदांची असते. बगळ्याच्या चोचीपुढून निसटायला तेवढी पुरते. सहा मिनिटांची झुंज या यंत्रणेच्या हिशेबात कधी नव्हतीच.

सकाळी ६:०९. राखीव कुमक

क्रोमॅफिन पेशींवर अॅसिटिलकोलीनचा मारा इतका वेळ चालला की त्याचे ग्राही बधिर होऊ शकतात. मग अॅड्रिनलिन थांबायला हवं. ते थांबत नाही. ओटावा विद्यापीठात स्टीव्ह पेरी यांच्या प्रयोगशाळेने याचं कारण शोधलं. ट्राउटच्या क्रोमॅफिन पेशींभोवतीच्या चेतातंतूंत अॅसिटिलकोलीनखेरीज आणखी दोन पेप्टाइड असतात, व्हीआयपी आणि पीएसीएपी. तेही क्रोमॅफिन पेशींना अॅड्रिनलिन सोडायला लावतात. त्यामुळे मुख्य ग्राही निकामी केले तरी प्राणवायूच्या टंचाईत मासा अॅड्रिनलिन सोडतच राहतो.

एवढ्याशा ऊतीत किती भाषा बोलल्या जातात! चेतातंतूंची अॅसिटिलकोलीन, तिच्या जोडीला दोन पेप्टाइड, पिट्यूटरीचं एसीटीएच, स्थानिक सेरोटोनिन. एक वाट बंद पडली तर दुसरी आणि दुसरी बंद पडली तर तिसरी. कोट्यवधी वर्षांच्या उत्क्रांतीने या माशाला वाचवण्यासाठी इतके पर्याय रचून ठेवले आहेत. ते वाचताना मला दर वेळी आदर वाटतो, आणि आपण ते सारे एका सकाळच्या विरंगुळ्यासाठी खर्ची घालतो याची बोचही लागते.

सकाळी ६:१०. शरणागती

मासा आडवा होतो. दोरी गुंडाळत तो काठाशी येतो. जाळीचा झेला त्याच्याखाली सरकतो.

इथपर्यंतची हानी मोठी आहे, पण ती भरून येण्याजोगी आहे. रक्ताचा पीएच ७.८च्या आसपास होता. तो आता जवळजवळ अर्ध्या अंकाने खाली आला आहे. अर्धा अंक ऐकायला किरकोळ वाटतो. त्याचा अर्थ हायड्रोजन आयनांचं प्रमाण तिपटीवर गेलं. शरीराला आता एकच गोष्ट हवी आहे : कल्ल्यांवरून वाहणारं पाणी.

सकाळी ६:१० ते ६:११. साठ सेकंद

मासा हवेत आहे. काटा काढायचा आहे, फोटो घ्यायचा आहे. फोन खिशातून निघतो.

पाण्यात असताना कल्ल्यांच्या पाकळ्या पाण्याच्या आधाराने सुट्या, पसरलेल्या असतात. हवेत आल्याबरोबर त्या एकमेकींना चिकटतात. भोवती प्राणवायू कितीतरी जास्त आहे, पण तो घ्यायला पृष्ठभागच उरलेला नाही. रक्तातला कार्बन डायऑक्साइडही बाहेर पडेनासा होतो आणि आधीच्या आम्लतेत भर घालतो. हृदयाचा ठोका मंदावतो.

रक्तातला प्राणवायू घसरणं हा क्रोमॅफिन पेशींसाठी सगळ्यात मोठा धोक्याचा इशारा असतो. ट्राउटमध्ये हिमोग्लोबिनची प्राणवायूने भरलेली पातळी ५०-६० टक्क्यांच्या आसपास घसरली की अॅड्रिनलिनचा लोंढा सुटतो. झुंजीने अर्ध्या रिकाम्या झालेल्या ऊतीला पुन्हा सगळ्या घंटा ऐकू येतात. पण ज्या कल्ल्यांना अॅड्रिनलिन उघडू पाहतं ते आत्ता कोरडे आणि चिकटलेले आहेत. निरोप पोचतो. त्याप्रमाणे वागायला कोणी मोकळं नाही.

या एका मिनिटाची किंमत १९९२ साली मोजली गेली. ओंटारिओतल्याच किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात फर्ग्युसन आणि टफ्ट्स यांनी रेनबो ट्राउटला सुमारे दहा मिनिटं दमवलं आणि बारा तास त्यांच्यावर लक्ष ठेवलं. न दमवलेले सगळे मासे जगले. दमवून लगेच पाण्यात ठेवलेल्यांपैकी ८८ टक्के जगले. दमवून ३० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी ६२ टक्के. दमवून ६० सेकंद हवेत धरलेल्यांपैकी फक्त २८ टक्के.

प्रयोगातल्या या माशांच्या अंगात नळ्या बसवलेल्या होत्या, ते बंदिस्त होते. मोकळ्या नदीत, विशेषतः थंड पाण्यात, मरणाऱ्यांचं प्रमाण बहुतेक वेळा यापेक्षा बरंच कमी असतं. पण आकड्यांची उतरण पाहा. दहा मिनिटांच्या झुंजीने शंभरातले बारा गेले. त्यावर साठ सेकंदांची हवा चढवली आणि आणखी साठ गेले. झुंज टाळणं गळवाल्याच्या हातात पूर्णपणे नसतं. हे मिनिट असतं.

सकाळी ६:१२. 'गेला बघा पोहत'

मासा पाण्यात सोडला जातो. क्षणभर तो कलतो, मग सावरतो आणि शेपटीच्या दोन फटकाऱ्यांत खोल पाण्यात नाहीसा होतो. काठावर समाधान आहे, आणि ते प्रामाणिक आहे. जीव सोडून दिला याचा आनंद खोटा नसतो.

पण पोहत जाणं ही जगण्याची खूण नाही. वुड यांचे मासेही दमणुकीनंतर कित्येक तास जिवंत होते. रक्तातल्या अॅड्रिनलिनच्या शेवटच्या लोंढ्यावर मारलेले हे दोन फटकारे आहेत.

सकाळी ६:३०. एक उतरतं, एक चढतं

मासा प्रवाहाबाहेरच्या संथ डोहात तळाशी जाऊन बसला आहे. दमलेला मासा असाच आडोसा शोधतो. कल्ले वेगाने चालताहेत, प्राणवायू परत येतो आहे. धोक्याचं कारण संपलं तसं अॅड्रिनलिन झपाट्याने उतरू लागलं.

मागणी आल्यावर पेटलेली चूल मात्र आता कुठे रंगात आली आहे. कॉर्टिसॉल वर चढतं आहे. मघाच्या एसीटीएचने दिलेली ऑर्डर आत्ता रक्तात पोचते आहे, तीही गळ, दोरी आणि माणूस सगळे निघून गेल्यावर.

सकाळी ७:००. कॉर्टिसॉलचा कळस

एका मिलिलीटरला १० नॅनोग्रॅमच्या आत असलेलं कॉर्टिसॉल १०० नॅनोग्रॅमच्या आसपास किंवा त्याहूनही वर गेलेलं असू शकतं. त्याचा हेतू चांगलाच आहे. यकृताला साखर बनवायला लावणं आणि पुढच्या काही दिवसांत क्षारांचा तोल सावरणं ही त्याची कामं. लांब पल्ल्याच्या संकटासाठी, म्हणजे दुष्काळासाठी किंवा स्थलांतरासाठी हे संप्रेरक अमोल आहे.

या सकाळी मात्र ते आड येतं. ओंटारिओतल्याच लंडन शहरात, वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात लुईस मिलिगन यांच्या गटाने १९९४ साली दमवलेल्या ट्राउटमध्ये औषधाने कॉर्टिसॉलची वाढ रोखून पाहिली. ज्या माशांत कॉर्टिसॉल चढलं नाही, त्यांच्या स्नायूंतलं लॅक्टेट लवकर निवळलं आणि ग्लायकोजन लवकर भरून आलं. म्हणजे वाचवण्यासाठी निघालेला दुसरा निरोपच दुरुस्ती लांबवतो.

सकाळी ८:००. रक्तातलं लॅक्टेट शिगेला

झुंज संपून दोन तास होत आले. रक्तातलं लॅक्टेट आत्ता सर्वांत जास्त आहे, विश्रांतीतल्या पातळीच्या दसपटीहून वर. पांढऱ्या स्नायूंत अडकलेला कचरा हळूहळू रक्तात येतो आहे. त्यातही बरंचसं लॅक्टेट स्नायू स्वतःकडेच ठेवतात आणि तिथेच त्यापासून पुन्हा ग्लायकोजन घडवतात. म्हणूनच त्यांना सावरायला तासन् तास लागतात.

रक्तातलं पाणी स्नायूंकडे ओढलं गेलं आहे, त्यामुळे रक्त दाट झालं आहे. पोटॅशियम वाढलं आहे. सोडियम आणि क्लोराइडचा तोल बिघडला आहे. यातली प्रत्येक गोष्ट एकेकटी सोसण्याजोगी आहे. हृदयाला त्या सगळ्या एकदम सोसायच्या आहेत.

सकाळी १०:००. चौथा तास

मॅकमास्टरच्या नोंदींत मृत्यू इथून सुरू होतात.

या टप्प्यावर मासे का मरतात? वुड आणि सहकाऱ्यांना वाटलं होतं, उत्तर रक्तात सापडेल. पण रक्तातल्या बिघाडांनी मृत्यूंचा पूर्ण उलगडा झाला नाही. लॅक्टेट हा खुनी ठरला नाही. संशय गेला पेशींच्या आतल्या आम्लतेकडे, जिथे रक्तात बसवलेली नळी पोचत नाही.

हृदयाकडे पाहिलं की हा संशय अधिक समजतो. ट्राउटच्या हृदयाच्या बाहेरच्या घट्ट थराला स्वतःच्या धमन्या असतात. आतला स्पंजासारखा थर मात्र शरीरभर फिरून आलेल्या रक्तावर भागवतो, म्हणजे सगळ्यांनी प्राणवायू काढून घेतल्यावर उरलेल्या रक्तावर. व्हँकुव्हरच्या टोनी फॅरेल यांच्या प्रयोगशाळेने दाखवलं आहे की प्राणवायूची टंचाई, आम्लता आणि जादा पोटॅशियम ही तिन्ही एकत्र आली की ट्राउटचं हृदय खचतं, आणि अॅड्रिनलिन सोबत असेल तर बऱ्याच अंशी सावरतं. आपल्या माशाच्या रक्तात बिघाड अजून आहे. त्यावरचं अॅड्रिनलिनचं छत्र उतरलेलं आहे.

सकाळी ११:३०

वरून पाहणाऱ्याला इथे काहीही दिसणार नाही. मासा तळाशी आहे. कल्ले हलताहेत. ज्या माशांचं नशीब बरं, त्यांचं रक्त आता सावरू लागलेलं असतं आणि दुपारपर्यंत पीएच मूळपदावर येऊ लागतो. याचा पीएच अजून वळणावर आलेला नाही.

दुपारी १२:५५. शेवट

तोल जातो. मासा कुशीवर वळतो. कल्ल्यांची हालचाल अनियमित होते आणि थांबते. प्रवाह त्याला खडकांच्या सांदीत घेऊन जातो.

आज या नदीवरून घरी गेलेल्या प्रत्येकाच्या हिशेबात हा मासा जिवंत आहे. पकडून सोडलेल्यांच्या रकान्यात त्याची नोंद झाली आहे. मेलेल्यांच्या रकान्यात ती कधीच होणार नाही.

पुन्हा सकाळी ६:१०. दुसरी वाट

हा घटनाक्रम असाच व्हायला हवा होता का? तो ६:१० वर परत नेऊन पाहू.

मासा काठाशी आला आहे. रक्त आंबट, स्नायू रिकामे, कॉर्टिसॉलची ऑर्डर गेलेली. या वेळी तो पाण्याबाहेर येत नाही. झेला पाण्यातच राहतो. काटा बिनदातेरी आहे, चिमट्याने एका वळणात निघतो. ओले हात माशाला खालून आधार देतात. त्याचं तोंड प्रवाहाकडे आहे. कल्ल्यांवरून पाणी वाहतं आहे, पाकळ्या उघड्या आहेत. अॅड्रिनलिनने दिलेला निरोप आता योग्य ठिकाणी पोचतो आणि त्याप्रमाणे वागायला कल्ले मोकळे आहेत.

मग मिलिगन यांच्या गटाने २००० साली प्रसिद्ध केलेली गोष्ट कामी येते. दमवलेल्या ट्राउटना त्यांनी दोन प्रकारे ठेवलं. काहींना निश्चल पाण्यात, काहींना हळू वाहणाऱ्या पाण्यात, जिथे त्यांना संथ पोहत राहावं लागेल. विश्रांती घेणारे लवकर सावरतील असं कोणालाही वाटेल. सावरले ते पोहणारे. त्यांच्यात कॉर्टिसॉल चढलंच नाही, आणि सुमारे दोन तासांत त्यांच्या स्नायूंतलं ग्लायकोजन भरून आलं. निश्चल पाण्यातल्या माशांना सहा तासांनीही ते जमलं नव्हतं.

म्हणजे दमलेल्या माशाला डोहात ढकलण्यापेक्षा त्याला हळुवार प्रवाहात, स्वतःच्या बळावर सरळ उभं राहता येईपर्यंत आधार देणं शहाणपणाचं. सकाळी आठला पहिल्या माशाचं लॅक्टेट शिगेला होतं. या दुसऱ्याचं इंधन तोवर परत भरत आलेलं असतं. दुपारी १२:५५ ची नोंद त्याच्या बाबतीत होण्याची शक्यता फार कमी.

हिशेब

ओटावाच्या कार्लटन विद्यापीठातले स्टीव्हन कुक आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ साली हवेत धरण्याबद्दलचे अनेक अभ्यास एकत्र वाचले आणि सांगितलं की दहा सेकंदांच्या आत मासा पाण्यात परत जायला हवा. अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्याने तर गोड्या पाण्यात जे सॅमन आणि स्टीलहेड सोडून देणं बंधनकारक आहे, त्यांना पाण्यातून पूर्ण बाहेर काढायलाच बंदी घातली. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन परतणारा रेनबो ट्राउटच.

आपल्याकडे पवई तलावाच्या काठावर गळ टाकून बसण्याची परंपरा जुनी आहे. दख्खनच्या नद्यांत महाशीर आहे. लोणावळ्याजवळ वळवणला टाटा पॉवरच्या केंद्रात गेली कित्येक दशकं महाशीरची पिल्लं वाढवून जलाशयांत सोडली जातात. रोहू, कटला, महाशीर या साऱ्यांच्या डोक्याशी असलेल्या मूत्रपिंडात हीच ऊती आहे, त्याच शिरेजवळ, क्रोमॅफिन आणि इंटररीनल पेशी तशाच शेजारीशेजारी. उष्ण पाण्यातल्या या जातींची सोसण्याची ताकद ट्राउटपेक्षा वेगळी आहे आणि किंग्स्टनचे टक्के त्यांना जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण हवेत आलेले कल्ले रोहूचेही चिकटतात, आणि कोमट पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो.

ज्याला मासा खायचा आहे, त्याने तो पटकन मारावा आणि घरी न्यावा. त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण ज्याने सोडायचं ठरवलं आहे, त्याच्यावर जास्त जबाबदारी येते, कारण त्याने त्या जिवाला जगण्याचं वचन दिलेलं असतं. मासा हातातून सुटला म्हणजे वचन पुरं होत नाही. ते पुरं झालं की मोडलं हे सात तासांनी कळतं, आणि त्याचा फैसला पहिल्या बारा मिनिटांत होऊन गेलेला असतो. माशाची ऊती तिच्याकडचे सगळे निरोप पाठवते, सगळे साठे रिते करते, काहीही हातचं राखत नाही. तिच्या बाजूने कसूर होत नाही. उरतो तो आपला वाटा. फोटो हवा असेल तर मासा पाण्यात असतानाच काढा. आणि तसं जमणार नसेल, तर त्या दिवशी फोटो नको.